खर्ड्याचे तीन कोटी आणि नानांची पत

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ झालेली लढाई मराठी माणसाच्या स्मरणात आहे ती एका खास कारणासाठी. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन अशी सगळी मोठी घराणी पेशव्यांच्या जरीपटक्याखाली एकत्र लढली, ती ही शेवटचीच वेळ. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात असलेल्या या गावाचे नाव त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत कायमचे कोरले गेले. परंतु ही लढाई मुळात कशासाठी झाली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर पुण्याच्या फडातील हिशेबाच्या वह्यांत सापडते. खर्ड्याची मोहीम ही थकबाकीच्या वसुलीची मोहीम होती आणि तिचा सूत्रधार तलवारबहाद्दर नव्हे, तर जमाखर्चात मुरलेला एक कारभारी होता.

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस यांचे नाव आज शहरी वाचकाला दोन संदर्भांत आठवते. एक म्हणजे पेशवाईतील साडेतीन शहाणे. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे आणि नाना अर्धे, कारण त्यांना मुत्सद्देगिरी येत होती, पण तलवार चालवता येत नव्हती. दुसरा संदर्भ १९७२ साली रंगमंचावर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या घाशीराम कोतवाल या नाटकाचा. या दोन प्रतिमांच्या मधोमध नानांचे खरे काम झाकले गेले आहे. कर्जात बुडालेल्या एका राज्याची पत सावरणे आणि ती पाव शतक टिकवून धरणे, हे ते काम होय. आणि ती पत अखेर कशावर उभी होती, याचा निकाल खर्ड्यानंतरच्या पाच वर्षांत लागला.

फडणिशीचा वारसा

भानू घराणे मूळचे कोकणातले. नानांचे आजोबा बाळाजी महादेव भानू हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे निकटचे सहकारी. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीस गेले आणि बादशहाकडून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या महसुलातील चौथा हिस्सा आणि त्याखेरीज दहावा हिस्सा वसूल करण्याचा हक्क या सनदांनी मराठ्यांना मिळाला. याच मोहिमेत, दिल्लीतील दंगलीत, बाळाजी महादेव मारले गेले. ज्या कागदांसाठी आजोबांचा जीव गेला, त्याच कागदांवरील थकबाकीसाठी पंचाहत्तर वर्षांनी नातवाने खर्ड्याच्या माळावर लाखाहून अधिक फौज उभी केली.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात झाला. वडील जनार्दनपंत १७५६ साली वारले आणि चौदाव्या वर्षीच फडणिशीची वस्त्रे नानांच्या अंगावर आली. फडणवीस हे पद म्हणजे आजच्या भाषेत अर्थखाते, लेखापरीक्षण आणि अभिलेखागार यांचा एकत्र कारभार. राज्यातून कोठलीही सनद, नेमणूक वा देणगी निघाली की तिची नोंद फडणिसाच्या दफ्तरी व्हायची. प्रत्येक महालाचा बेहेडा, म्हणजे जमा आणि खर्चाचा अंदाज, येथेच ठरायचा आणि वर्षअखेर मामलेदाराने आणलेला हिशेब येथेच तपासला जायचा. फडणिसाच्या नजरेखालून न गेलेला रुपया सरकारी रुपया मानला जात नसे. फौज कोणाकडे किती आहे, कोणाचा सरंजाम किती आणि त्याने प्रत्यक्षात किती स्वार ठेवले आहेत, हे सगळे या एका खुर्चीवरून दिसत असे.

१७६१ साली सदाशिवरावभाऊंच्या सैन्याबरोबर तीर्थयात्रेच्या निमित्ताने गेलेले नाना पानिपतावर होते. त्या वेळी त्यांचे वय एकोणीसही नव्हते. सैन्य मोडले, बरोबर असलेली आई त्या गोंधळात कायमची हरवली आणि नाना वेषांतर करून, अन्नपाण्यावाचून भटकत कसेबसे परत आले. आपल्या या पूर्वायुष्याची हकिगत त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली. रणांगणाविषयीची त्यांची नावड आणि सर्वस्व एका दिवसात बुडू शकते ही कायमची धास्ती, या दोन्हींचे मूळ तेथे शोधावे लागते.

कर्जबाजारी दौलत

नानांच्या हाती आलेली दौलत बाहेरून भव्य आणि आतून देणेकरी होती. थोरल्या बाजीरावांपासूनच पेशव्यांच्या मोहिमा सावकारांच्या पैशावर चालत. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी असोत वा बारामतीचे नाईक, धनकोंचा तगादा पेशव्यांच्या पाठीस कायम असे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशवे दफ्तरातील रोजनिशींचा अभ्यास करून काढलेल्या निष्कर्षानुसार, १७४० ते १७६० या वीस वर्षांत नानासाहेब पेशव्यांनी घेतलेली कर्जे सुमारे दीड कोटी रुपयांची होती आणि त्यावरील व्याज शेकडा १२ ते १८ असे. त्यात पानिपताचा घाव बसला. माधवराव पेशव्यांनी अकरा वर्षांत राज्य सावरले, परंतु १७७२ साली मृत्युशय्येवर असताना त्यांना सर्वांत जास्त चिंता होती ती कर्जफेडीची. आपल्यामागे सावकारांचे देणे राहू नये, असे त्यांनी कारभाऱ्यांना निक्षून बजावले होते.

त्या काळच्या सरकारी पैशाचे चलनवलन समजून घेतल्याशिवाय नानांच्या कामगिरीचे मोल कळणार नाही. महसूल पिकावर अवलंबून, म्हणजे वर्षातून ठरावीक वेळीच येणारा. फौजेचा खर्च मात्र रोजचा. ही दरी भरून काढण्यासाठी मामलेदाराकडून वर्षाच्या आरंभीच आगाऊ रक्कम घेतली जाई. तिला रसद म्हणत. मामलेदार ती रसद बहुधा सावकाराकडून उचलून भरत असे. सरकारला कोणाचे देणे द्यायचे असेल तर रोख न देता एखाद्या महालावर वरात काढली जाई, म्हणजे अमुक महालाच्या वसुलातून इतकी रक्कम घ्यावी असा हुकूम. लांबच्या मुलखात पैसा पोचवायचा तर हुंडी. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरावी आणि तिकडच्या आडत्याकडून ती उचलावी. रसद, वरात आणि हुंडी या तिन्हींचा पाया एकच होता, तो म्हणजे विश्वास. वरात परत आली, हुंडी सकारली गेली नाही वा मामलेदाराची रसद सरकारने नाकबूल केली, की पुढच्या वर्षी कोणी सावकार पैसा काढत नसे.

नानांनी हा विश्वास जपला. हिशेब वेळच्या वेळी घेतले, दफ्तर चोख ठेवले, खर्चावर लगाम घातला. रानड्यांच्याच निरीक्षणानुसार नानांच्या कारकिर्दीत सरकारी कर्ज काही लाखांच्या पुढे गेले नाही. पाव शतकात इंग्रज, हैदर, टिपू आणि निजाम यांच्याशी युद्धे करूनही ही स्थिती राखली गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे अर्ध्या शहाण्याचे शहाणपण किती होते ते कळते.

बारभाईंचा कारभार

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांना गादीवरून दूर ठेवण्यासाठी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन जे राजकारण केले ते बारभाईंचे कारस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना मुलगा झाला आणि चाळीस दिवसांचे ते मूल सवाई माधवराव म्हणून पेशवेपदी बसवले गेले. पुढची एकवीस वर्षे राज्याचा खरा कारभार नानांच्याच हाती एकवटत गेला.

रघुनाथरावांच्या निमित्ताने मुंबईकर इंग्रजांशी युद्ध जुंपले. १७७६ च्या पुरंदरच्या तहात इंग्रजांना बारा लाख रुपये देण्याचे ठरले होते. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांना शरण यावे लागले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने हा संघर्ष थांबला. या साऱ्या काळात नाना एकाच वेळी चार दरबारांशी पत्रव्यवहार करत होते. त्यांच्या बातमीदारांचे जाळे आणि त्यांचे दफ्तर ही त्यांची दोन शस्त्रे होती.

या कारभाराला काळी बाजूही होती. नानांचा कोणावर पूर्ण विश्वास नसे. सखारामबापूंसारखा जुना सहकारी आणि चुलतभाऊ मोरोबादादा, दोघांनाही त्यांनी किल्ल्यांवर कैदेत टाकले. पुण्याचा कोतवाल घाशीराम याला त्यांनी इतके मोकळे सोडले की १७९१ साली लोकांनीच त्याला दगडांनी ठेचून मारले. रघुनाथरावांचे मुलगे बाजीराव आणि चिमाजीअप्पा हे वर्षानुवर्षे नजरकैदेत वाढले. खुद्द सवाई माधवराव वयात आले तरी कारभाराच्या किल्ल्या नानांच्या कमरेलाच राहिल्या. राज्याची सगळी पत एका माणसाच्या नावावर जमा होत होती. ही गोष्ट त्या वेळी राज्याचे बळ वाटली. तीच पुढे घातक ठरली.

पैशावरून घरातही वाद होतेच. १७९२ च्या जूनमध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले, तेव्हा दरबारी मानमरातबापेक्षा अवघड प्रश्न होता तो हिशेबाचा. उत्तरेच्या मोहिमांवर आपण प्रचंड खर्च केला, तो पुणे दरबाराने द्यावा, असे महादजींचे म्हणणे. उत्तरेतील मुलखाच्या वसुलाचा हिस्सा सरकारात भरला नाही, तो आधी भरावा, असे नानांचे म्हणणे. परदेशी सेनापती द बॉयनच्या हाताखाली उभारलेल्या कवायती पलटणी महादजींनी पोसल्या होत्या आणि त्यांचा खर्च जुन्या धर्तीच्या घोडदळापेक्षा कितीतरी अधिक होता. हा वाद पुरता मिटण्याआधीच १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीत महादजींचे निधन झाले.

निजामाकडील बाकी

निजाम अलीकडील चौथाई-सरदेशमुखीची बाकी वर्षांमागून वर्षे साचत आली होती. पुण्याच्या दफ्तराप्रमाणे ती अडीच कोटींच्या वर गेली होती. नानांनी गोविंदराव काळे यांच्यासारख्या वकिलांमार्फत हैदराबादेत तगादा लावला. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याने आधी आकड्यांवर वाद घातला, मग टाळाटाळ केली आणि शेवटी भर दरबारात पुणेकरांची टर उडवली. हिशेब समजावून द्यायला नानांनीच जातीने यावे, अशी त्याची भाषा होती. निजामाचा भरवसा दोन गोष्टींवर होता. एक, फ्रेंच सेनानी रेमों याच्या हाताखालील कवायती पलटणी. दुसरी, इंग्रजांची मदत. त्यांपैकी दुसरी आशा फोल ठरली. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थ राहण्याचे ठरवले.

नानांनी मात्र सर्व सरदारांना एका वसुलीच्या कामात भागीदार केले. तरुण दौलतराव शिंदे, वृद्ध तुकोजी होळकर, नागपूरचे रघुजी भोसले आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांना एकत्र आणण्यात त्यांची सारी कसोटी लागली. भोसल्यांचे निजामाकडे स्वतंत्र येणे होते, शिंद्यांना पैशाची निकड होती, पटवर्धनांना सेनापतिपद मिळाले. प्रत्येकाच्या हिताचा हिशेब ज्याच्या वहीत तयार असतो, त्यालाच अशी जुळवाजुळव साधते.

प्रत्यक्ष लढाई आकड्यांच्या मानाने लहान झाली. दोन्ही बाजूंचे मिळून अडीच लाखांच्या आसपास सैन्य समोरासमोर असताना ठार झालेल्यांची संख्या शेकड्यांतच राहिली. परांड्याच्या वाटेवर चकमक झडली, संध्याकाळपर्यंत निजामाची फौज विस्कळीत झाली आणि रात्रीच्या घबराटीत निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला. हा किल्ला निजामाच्याच पदरच्या निंबाळकर सरदाराने अठराव्या शतकाच्या मध्यात बांधलेला. घडीव दगडाचा, चौकोनी आणि भक्कम, पण एवढ्या मोठ्या लष्कराला सामावणारा नव्हे. मराठ्यांनी चहूकडून वेढा आवळला, पाणी तोडले आणि तोफा लावल्या. आत पाण्यासाठी पैसे मोजण्याची पाळी आली. दोन दिवसांतच निजामाने तहाची याचना केली.

तहाच्या अटी जबर होत्या. थकबाकी आणि युद्धखर्च मिळून तीन कोटी रुपये. दौलताबादचा किल्ला आणि परांड्यापासून तापीपर्यंतचा, वर्षाला सुमारे पस्तीस लाख उत्पन्नाचा मुलूख. भोसल्यांचे येणे वेगळे. आणि या सर्वांची हमी म्हणून दिवाण मुशीरुल्मुल्क याला मराठ्यांच्या स्वाधीन करायचे. नानांची टर उडवणारा हा दिवाण ओलीस म्हणून पुण्यास आला. वसूल करणाऱ्याच्या ताब्यात मुलूख, कागदावर हप्ते आणि घरात ओलीस, अशी तिहेरी सुरक्षितता असलेले येणे क्वचितच कोणाच्या वाट्याला येते. त्या उन्हाळ्यात पुणे दरबाराचा ताळेबंद पेशवाईच्या कोणत्याही काळापेक्षा भक्कम होता.

दीड वर्षात बुडालेले येणे

हे सगळे ज्या एका जिवावर तोलून धरले होते, तो जीव सात महिन्यांत गेला. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून कोसळले आणि दोन दिवसांनी मरण पावले. वय एकवीस, पोटी संतान नाही. नानांचा अधिकार पेशव्याच्या नावाने चालत असे. ते नावच नाहीसे झाले.

गादीचा खरा वारस रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव. ज्याला आपण लहानपणापासून कैदेत ठेवले, तो पेशवा झाला तर आपली गत काय, ही नानांची भीती अनाठायी नव्हती. पुढच्या वर्षभरात पुण्यात जे घडले त्याला राजकारण म्हणण्यापेक्षा लिलाव म्हणणे योग्य ठरेल. बाजीरावाने दौलतराव शिंद्यांना मुलूख आणि पैशाचे आमिष दाखवले. नानांनी ते मोडण्यासाठी आधी बाजीरावाशी हातमिळवणी केली, मग शिंद्यांच्या फौजेच्या भीतीने पुणे सोडले. १७९६ च्या मे महिन्यात परशुरामभाऊंनी चिमाजीअप्पांना गादीवर बसवले. नाना वाईहून महाडला, रायगडाच्या आसऱ्याला गेले.

महाडात नानांनी आयुष्यभराची पुंजी बाहेर काढली. ठिकठिकाणच्या पेढ्यांवर त्यांनी ठेवलेला पैसा त्यांच्या सहीवर मिळत गेला. पदच्युत, पळालेला, फौज नसलेला माणूस, पण त्याची हुंडी सकारली जात होती. काही महिन्यांतच त्यांनी सैन्य जमवले आणि एकेक विरोधक फोडला. रघुजी भोसल्यांना पंधरा लाख आणि मुलूख. दौलतरावांना दहा लाख उत्पन्नाचा प्रदेश आणि अहमदनगरचा किल्ला. आणि निजामाला खर्डा.

८ ऑक्टोबर १७९६ रोजी महाडला झालेल्या करारात हे ठरले. वाटाघाटी करणारा होता तोच ओलीस, मुशीरुल्मुल्क. निजामाने नानांना आणि बाजीरावाला पाठिंबा द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात खर्ड्याला दिलेला मुलूख परत घ्यावा, उरलेली रक्कम माफ समजावी. ज्या वसुलीसाठी सारे मराठामंडळ एकत्र आले होते, ती सुमारे दीड वर्षातच तिच्या कर्त्यानेच सोडून दिली. पुढे या कराराच्या अंमलावरून बाजीरावाने खळखळ केली हे खरे, परंतु खर्ड्याचे तीन कोटी पुण्याच्या खजिन्यात पूर्णपणे कधीच जमा झाले नाहीत. दिवाण १७९७ मध्ये सुखरूप हैदराबादेस परतला आणि पूर्ववत कारभार पाहू लागला.

नानांना दोष देणे सोपे आहे. स्वतःच्या बचावासाठी त्यांनी राज्याचे येणे विकले, असे म्हणता येते आणि ते खोटे नाही. पण त्या घटकेला राज्य कोण होते, हाही प्रश्न आहे. पेशवा अल्पवयीन कठपुतळी, सरदार आपापल्या पगाराच्या चिंतेत, आणि येणे ज्याच्या नावावर लिहिले होते त्या दरबाराचा मालकच ठरायचा होता. एका व्यक्तीच्या पतीवर चालणारी पेढी ती व्यक्ती संकटात सापडली की आपली उत्तम येणी आधी विकते. खर्ड्याबाबत तेच घडले.

पुण्याचा सराफा लुटला गेला

नाना १७९६ च्या अखेरीस पुन्हा कारभारी झाले आणि डिसेंबरात बाजीराव पेशवा झाला. परंतु आता देणी फेडायची वेळ आली होती. गादीसाठी बाजीरावाने दौलतराव शिंद्यांना दोन कोटी रुपये कबूल केले होते आणि एवढा पैसा त्याच्याकडे नव्हता. शिंद्यांची कवायती फौज पगारासाठी पुण्याभोवती तळ ठोकून बसली होती. ३१ डिसेंबर १७९७ रोजी भेटीच्या निमित्ताने शिंद्यांच्या छावणीत गेलेल्या नानांना पकडण्यात आले. एका युरोपीय सेनानीने दिलेल्या सुरक्षिततेच्या वचनावर विसंबून ते गेले होते. त्यांना ठेवण्यात आले अहमदनगरच्या किल्ल्यात. हा किल्ला त्यांनीच सव्वा वर्षापूर्वी शिंद्यांना कबूल केला होता.

नाना दूर होताच बाजीरावाने आपल्या देण्याचा सोपा मार्ग शोधला. दौलतरावांचा सासरा सर्जेराव घाटगे याला पुण्यातील सावकार व श्रीमंतांकडून दोन कोटी वसूल करण्याची मोकळीक देण्यात आली. १७९८ सालच्या त्या काही आठवड्यांत पुण्याच्या पेठांत जे झाले ते पानिपताच्या बातमीनेही झाले नव्हते. घराघरांतून सावकारांना ओढून नेले, चाबकांनी फोडले, तापलेल्या तोफांना बांधले. नानांचा एक नातलग या छळात प्राणाला मुकला. ज्या पेढ्यांच्या बळावर पेशवाईने साठ-सत्तर वर्षे मोहिमा चालवल्या, त्या पेढ्यांवर खुद्द पेशव्याच्या संमतीने दरोडा पडला. पैसा मिळाला तोही पुरेसा नव्हता. गेला तो मात्र विश्वास, आणि तो पुन्हा कधी परतला नाही. यानंतर पुण्याच्या सावकाराने सरकारला मोकळ्या हाताने कर्ज देण्याचे कारण उरले नाही.

शिंद्यांनाही हे लवकरच उमगले. १७९८ च्या जुलैत नानांकडून दहा लाख रुपये घेऊन त्यांनी त्यांना सोडले. त्याच वर्षी बाजीरावाला नानांना पुन्हा कारभारी नेमावे लागले, कारण दरबारचा शब्द आता कोणी मानत नव्हते आणि नानांचा शब्द अजून मानला जात होता. पण शरीर थकले होते आणि उमेद संपली होती. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नाना फडणवीसांचे निधन झाले. खर्ड्याच्या विजयाला तेव्हा पाच वर्षे आणि दोन दिवस झाले होते.

पत कोणाची?

नानांच्या मृत्यूनंतर बाजीरावाचे पहिले लक्ष त्यांच्या धनाकडे गेले. त्या संपत्तीच्या कथा लोकांत कोट्यवधींच्या आकड्यांनी फिरत होत्या. विधवा जिऊबाई अगदी लहान वयाच्या. त्यांना लोहगडावर, नानांच्या विश्वासू किल्लेदाराकडे आश्रय घ्यावा लागला. अखेरीस त्यांना संरक्षण मिळाले ते इंग्रजांच्या हमीने. वर्षाला बारा हजार रुपयांची नेमणूक घेऊन त्या पनवेलला राहिल्या. पेशवाईच्या सर्वांत मोठ्या अर्थकारभाऱ्याच्या पत्नीला पेशव्याच्या शब्दापेक्षा कंपनीच्या कागदाचा आधार अधिक वाटावा, यातच काळाचा सारा फरक येतो.

हा फरक नीट पाहिला पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीही कर्जावरच लढत होती. वेलस्लीच्या १७९८ ते १८०५ या कारकिर्दीत तिचे हिंदुस्थानातील कर्ज बेसुमार वाढले आणि त्याबद्दल लंडनमध्ये ओरडही झाली. त्या कर्जात येथल्या सावकारांचाही पैसा होता. सुरतेच्या त्रवाडी पेढीसारख्या पेढ्या कंपनीच्या हुंड्यांचा व्यवहार करत होत्या. परंतु गव्हर्नर जनरल परत बोलावला गेला म्हणून कंपनीचा रोखा बुडत नसे. देणे कंपनीचे असे, वेलस्लीचे नसे. पुण्यात याच्या उलट होते. पेशवा गेला की तह डळमळे, कारभारी कैदेत गेला की वरात परत येई. हिंदुस्थानी सावकाराने इंग्रजांकडे वळण्यामागे देशद्रोहाचा शोध घेण्याची गरज नाही. जेथे व्याज नियमित आणि मुद्दल सुरक्षित, तेथे पैसा जातो. त्या काळीही तो तसाच गेला.

नानांनी दफ्तर उभे केले, पण दफ्तराला स्वतःचा अधिकार दिला नाही. बाजीरावाच्या कारकिर्दीत या दफ्तराकडे दुर्लक्ष झाले आणि लोक तेथून कागद उचलून नेऊ लागले, अशी नोंद १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी केली आहे. बाजीरावाच्या गादीवर येण्यापर्यंतचे हिशेब मात्र जवळपास पूर्ण सापडले. नाना असेपर्यंत वह्या भरल्या गेल्या. ते गेल्यावर वह्या भरण्याची सक्ती करणारा कोणी उरला नाही.

खर्ड्याच्या येण्याचा शेवटही कागदावरच झाला. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने बाजीरावाने तैनाती फौजेसाठी सव्वीस लाखांचा मुलूख इंग्रजांना तोडून दिला. त्याच तहात, निजामाकडील आपल्या मागण्यांचा निवाडा कंपनी करील, हेही त्याने मान्य केले. ज्या हक्कासाठी नानांच्या आजोबांनी दिल्लीत प्राण दिले आणि नानांनी खर्ड्याला फौज नेली, तो हक्क तिसऱ्याच्या लवादाकडे गेला.

निजामाचे तरी भले झाले काय? मराठ्यांच्या धाकातून सुटण्यासाठी त्याच मुशीरुल्मुल्कच्या दिवाणगिरीत निजामाने १ सप्टेंबर १७९८ रोजी इंग्रजांशी तैनाती तह केला. फौजेचा खर्च भागवण्यासाठी पुढे हैदराबाद विल्यम पामर आणि कंपनी या पेढीच्या कर्जात रुतत गेले. या पेढीचा संस्थापक हा नानांच्या निधनसमयी पुण्यात रेसिडेंट असलेल्या पामरचाच मुलगा. १८२० साली या पेढीने निजामाच्या नावे साठ लाखांचे कर्ज मांडले. ते फेडण्यासाठी निजामाला उत्तर सरकारांबद्दल कंपनीकडून दरसाल मिळणारी पेशकश कायमची सोडावी लागली, आणि १८२४ मध्ये ती पेढीही बुडाली. पुढे १८५३ साली फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला. मराठ्यांची चौथाई चुकवणाऱ्याला परक्या भांडवलाचे व्याज चुकवता आले नाही.

उभरत्या अर्थव्यवस्थांच्या चर्चेत आज सरकारी रोख्यांची पत, परकीय गुंतवणूकदाराचा विश्वास, संस्थांची स्वायत्तता हे शब्द रोज कानावर पडतात. त्यांचा अर्थ खर्ड्याच्या कथेत फार साधेपणाने समजतो. चांगला कारभारी मिळणे हे राज्याचे भाग्य. परंतु त्याच्यामागे त्याची वही, त्याचा शब्द आणि त्याने केलेला करार चालू राहील अशी व्यवस्था नसेल, तर ते भाग्य त्याच्या आयुष्याइतकेच टिकते. नानांनी कर्ज आवरले, येणी वसूल केली, तीन दशके हिशेब चोख ठेवला. आपल्यानंतर हे कोण पाहील, या एका प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांनी लिहून ठेवले नाही, किंबहुना कोणाला लिहू दिले नाही.

खर्ड्यात पुढेही पैशाचा व्यवहार चालूच राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटियरमध्ये या गावात पाचशेहून अधिक व्यापारी, दुकानदार आणि सावकार असल्याची नोंद आहे. बालाघाटातून येणारे धान्य आणि कापड येथून पुण्याकडे जाई आणि दर मंगळवारी गुरांचा बाजार भरे. त्या बाजारात उधारी चालत होती, कारण पुढच्या मंगळवारी बाजार भरणार हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होते. पेशव्यांच्या दरबाराला नेमकी हीच खात्री आपल्या धनकोंना देता आली नाही.